रेडिएटरचा पाइप निघत नसेल तेव्हा

दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव, मे महिना, पारा 45 च्या वर. काकांची 2008 सालची पेट्रोल गाडी अंगणातल्या निंबाखाली बोनेट उघडून उभी होती. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी जोडावर चिरली होती, म्हणून अकोल्याहून नवा रेडिएटर आणि दोन्ही रबरी पाइप आणले. माझी आयटीआयची मोटार मेकॅनिकची दोन वर्षं नुकतीच संपली होती. काकांना म्हटलं, दोन तासांत बसवून देतो.

रेडिएटरकडची टोकं निघाली. इंजिनकडचं, म्हणजे थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) डब्यावरचं वरच्या पाइपाचं टोक मात्र जागचं हलेना. क्लिप ढिली करून मागे सरकवली, दोन्ही हातांनी ओढलं, शेवटी पाइप आणि तो ज्यावर चढवलेला असतो त्या डब्याच्या नळीच्या मध्ये पेचकस खुपसून उचकवलं. कट् असा आवाज आला आणि पाइप निघाला. त्याच्या तोंडात अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा अडकलेला होता. गाडी चार दिवस तशीच उभी राहिली. काका एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तालुक्याच्या मिस्त्रींकडे तो तुकडा घेऊन गेलो. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि एवढंच विचारलं, "तुले वाचवाचं काय होतं? पाइप, का नळी?"

मी म्हटलं, "पाइप तर नवीनच आणला होता, भाऊ."

"मंग जुना कापला काहून नाही?"

नवीन शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आज हाच प्रश्न आधी विचारायला लावतो. रेडिएटर बदलताना चार सांधे सुटतात, आणि प्रत्येक सांध्यावर एक वस्तू टाकायची असते, एक ठेवायची असते. जुना रेडिएटर भंगारात जाणार असेल तर त्याच्याकडच्या टोकाला पाइप जपा, नळीला ओरखडा आला तरी चालतो. इंजिनकडच्या टोकाला मात्र नळी जपायची, कारण ती इंजिनसोबत राहणार आहे. पाइप नवा आणला असेल तर जुन्याची दयामाया करू नका. हत्यार कोणतं घ्यायचं, हे त्यानंतर ठरतं.

आता आमच्याकडेच हे पाइप इतके का धरतात ते सांगतो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतला पूर्णा नदीच्या काठचा पट्टा म्हणजे खारपाणपट्टा. विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. गाडी तापली की माणूस जवळच्या बोअरवरून बाटली भरतो आणि रेडिएटरमध्ये ओततो. अ‍ॅल्युमिनियमवर निसर्गतःच ऑक्साइडचा एक पातळ थर असतो, तो त्याचं रक्षण करतो. पाण्यातलं मीठ त्या थरालाच खड्डे पाडतं. मग पाइपाखाली पांढरी, खडूसारखी भुकटी साचत जाते, फुगते आणि रबराला आतून घट्ट धरून ठेवते. त्यात वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन रबर नळीवर अक्षरशः शिजलेलं असतं. माझ्या हातातला तो तुकडा कडेला इतका पोखरलेला होता की नखाने चुरा होत होता. पेचकस लावला नसता, तर ती नळी अजून काही दिवस तरी टिकली असती.

कामाला लागण्यापूर्वी गाडी पूर्ण थंड होऊ द्या. आपल्या उन्हाळ्यात त्याला सहज तीन-चार तास लागतात, म्हणून मी काम सकाळी धरतो. रेडिएटरच्या टोपणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो दाबाचा, बार या एककात. 0.9 च्या टोपणाखाली साधं पाणी 100 ऐवजी जवळपास 118 अंशांवर उकळतं. गरम असताना टोपण उघडलं की दाब एकदम जातो आणि ते पाणी उकळतच तोंडावर येतं. बॅटरीची निगेटिव्ह तारही काढून ठेवा, काही गाड्यांचा पंखा चावी बंद असतानाही फिरायला लागतो. खाली घमेलं ठेवून कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव, त्यात धरा आणि लगेच झाका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जिवाला विषारी असतं. अंगणात कुत्रं, शेळी, वासरू फिरतच असतं, म्हणून हे मी दोनदा सांगतो: नालीत ओतू नका, उघडं ठेवू नका.

आता पाइप. क्लिप सैल केली एवढ्यावर थांबू नका, ती पाइपावर चांगली चार बोटं मागे सरकवा. तिचा वळ रबरात बसलेला असतो. मग पाइप ओढायचा नाही, फिरवायचा. ओढलं की रबर लांबतं, बारीक होतं आणि नळीला आणखी आवळतं, ओल्या दोरीची गाठ ओढल्यावर व्हावं तसं. मुठीत धरा तेही मध्यावर नाही, अगदी नळीवर चढलेल्या भागावर. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. हाताने होत नसेल तर जुनं कापड गुंडाळून वॉटर पंप पक्कड हलक्या हाताने लावा. पक्कड फार दाबली तर आतली प्लास्टिकची नळी पिचकते. चिकटलेलं सुटतं तेव्हा एक बारीक चर्र आवाज येतो आणि हाताला कळतं की आता पाइप नळीवरून घसरायला लागला आहे. तो क्षण येईपर्यंत ओढायचं नाही.

तरीही हलत नसेल तर किटलीभर उकळतं पाणी फक्त त्या सांध्यावर हळूहळू सोडा, रबर मऊ पडतं. त्यानंतर मिस्त्रींनी दाखवलेला तारेचा आकडा. सायकलची जुनी स्पोक घेऊन तिचं टोक त्यांनी नखाएवढं वाकवलं होतं आणि दगडावर घासून इतकं गोल केलं होतं की गालावर फिरवलं तरी टोचेना. तो आकडा पाइपाच्या कडेखाली सरकवायचा, फटीत साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडायचे, बोटाच्या रुंदीएवढं पुढे जायचं, पुन्हा दोन थेंब. एक फेरा पूर्ण झाला की पुन्हा फिरवून पाहायचं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा वीस मिनिटं लागली, आणि पाइप अखंड निघाला.

आपल्याकडे डिझेल किंवा ऑइल टाकायची सवय आहे. पाइप ठेवायचा असेल तर ते करू नका. हे पाइप बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात, पेट्रोलियम तेलाने ते फुगतात आणि मऊ पडतात. साबणाचं पाणी पुरतं.

पाइप टाकायचाच असेल तर ब्लेड घ्या. इथे माझा दुसरा धडा. चीर उभी, पाइपाच्या लांबीत मारायची, पण आरपार नाही. ब्लेड नळीला टेकलं की तिच्यावर उभी रेघ पडते आणि पाणी नेमकं त्याच रेघेतून आतून बाहेरची वाट धरतं. म्हणून वरचं रबर कापा, त्याखालची दोऱ्याची जाळी कापा आणि थांबा. आतला पातळ थर दोन्ही अंगठ्यांनी चिरेच्या कडा बाजूला दाबल्या की आपणच फाटतो. मग केळीच्या सालीसारखं उलगडायचं. ब्लेड नेहमी आपल्या हातापासून दूर जाईल असं धरा.

नळीच्या तोंडात चिंधी कोंबा आणि पांढरी भुकटी ओल्या 400 नंबरच्या पाणकागदाने गोल-गोल घासून काढा. कानस लावू नका. खड्डे खोल गेले असतील, काठ ठिसूळ झाला असेल तर तो भाग तेव्हाच बदला. पुढच्या मे महिन्यात रस्त्यावर बदलण्यापेक्षा ते परवडतं.

बसवणं सोपं आहे, लांबवत नाही. नळीला कुलंटचा ओला हात लावा, पाइप पूर्ण आत ढकला. क्लिप नळीच्या तोंडाजवळच्या गोल उंचवट्याच्या मागे यायला हवी, उंचवट्यावर नाही. बोअरचं पाणी पुन्हा घालू नका. तयार मिश्रणाचं कुलंट तसंच ओता, दाट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं करा. हीटर असेल तर तो गरमवर ठेवा आणि टोपण उघडं ठेवूनच गार इंजिन सुरू करा. पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत बुडबुडे निघत राहतात, पातळी उतरते, ती भरत राहा. टोपण त्यानंतर लावा.

आयटीआयला येणाऱ्या पोरांना एक सांगावंसं वाटतं. दहावीनंतर हा दोन वर्षांचा ट्रेड जरूर करा. इंजिन कसं चालतं, थर्मोस्टॅट 82 ते 88 अंशांच्या आसपास का उघडतो, हे तिथे नीट कळतं. पण वर्कशॉपमधलं इंजिन स्टँडवर, धुतलेलं, शंभरदा उघडलेलं असतं. दहा वर्षं खारं पाणी प्यायलेला सांधा तिथे हाताला लागत नाही. सुट्टीत एखाद्या गॅरेजवर जा आणि भंगारात निघालेल्या रेडिएटरवरचे पाइप मागून घ्या. ते कोणी नाही म्हणत नाही. त्यांच्यावर ब्लेड चालवा, आकडा फिरवा, नळी मोडू द्या. किती जोरावर काय तुटतं हे मनगटाला तिथेच कळतं. मी हे काकांच्या गाडीवर शिकलो. ती गाडी त्यांना त्या आठवड्यात बियाणं आणायला हवी होती.

थर्मोस्टॅटचा नवा डबा पाचव्या दिवशी आला. या वेळी खालच्या पाइपाचं इंजिनकडचं टोक मी कापून काढलं, नळीवर रेघ न पाडता. संध्याकाळी काकांनी गाडी दर्यापूरपर्यंत नेऊन आणली. रात्री मी इंजिनखाली खताच्या पोत्याचा पांढरा तुकडा अंथरला आणि सकाळी चहाच्या आधी तो ओढून पाहिला. कोरडा होता. क्लिपा गार झाल्यावर थोड्या ढिल्या पडल्या होत्या, प्रत्येकीला पेचकसाचा पाव फेरा दिला आणि बोनेट लावलं.