होम थिएटर, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स यांची जोडणी कशी करावी

नवे होम थिएटर घरी आले की खोके उघडून हाताला लागेल ती वायर दिसेल त्या खाचेत बसवण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि आधी एक कोरा कागद घ्यावा. त्यावर टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, रिसीव्हर (सर्व यंत्रांचा आवाज घेऊन तो स्पीकरना पुरवणारे मुख्य यंत्र) आणि स्पीकर यांचे चौकोन काढावेत व जाणाऱ्या प्रत्येक वायरीसाठी एक बाण काढावा. चित्राचा प्रवास टीव्हीपाशी संपतो आणि आवाजाचा स्पीकरपाशी, एवढे ध्यानात ठेवले की बाणाचे टोक कुठे असावे हे आपोआप कळते. ज्या यंत्रातून बाण निघतो त्याची ‘आउट’ लिहिलेली खाच वापरायची आणि ज्यात तो शिरतो त्याची ‘इन’ लिहिलेली. जोडणीतल्या बहुतेक चुका ही दिशा न पाहिल्यामुळे होतात. वायर खराब निघणे त्या मानाने क्वचित घडते.

येथे आपण पाच स्पीकर व एक सबवूफर (खर्जाचा वेगळा स्पीकर) असलेला, म्हणजे ५.१ पद्धतीचा संच, एचडीएमआय (चित्र व आवाज एकाच केबलीतून नेणारी जोडणी) खाचा असलेला रिसीव्हर, अलीकडचा टीव्ही आणि केबलचा किंवा डीटीएचचा एचडी सेट-टॉप बॉक्स गृहीत धरू.

काम सुरू करण्यापूर्वी सर्व यंत्रांचे प्लग बोर्डातून काढून ठेवावेत. नुसता रिमोटने बंद केलेला बॉक्स पुरेसा बंद नसतो. विशेषतः डीटीएचच्या बॉक्समधून छतावरच्या डिशकडे जाणाऱ्या जाड वायरीतून १३ ते १८ व्होल्टचा पुरवठा जात असतो. बॉक्स चालू असताना ती वायर काढताना मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली तर बॉक्स बिघडू शकतो.

पहिले काम स्पीकरचे, कारण त्यासाठीच फर्निचर हलवावे लागते. पुढचे डावे व उजवे स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना, बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर ठेवावेत आणि त्या दोघांत व आपल्या बैठकीत साधारण समभुज त्रिकोण होईल असे पाहावे. मधला स्पीकर टीव्हीच्या खाली किंवा वर ठेवावा. संवाद प्रामुख्याने त्यातूनच येतात, म्हणून त्याचे तोंड कानाकडे किंचित वळवावे. शोकेसच्या खोल कप्प्यात तो ढकलून ठेवला तर शब्द घुमल्यासारखे ऐकू येतात. मागचे दोन स्पीकर बैठकीच्या दोन बाजूंना, थोडे मागच्या अंगाला असावेत. आपल्याकडच्या दिवाणखान्यात सोफा बहुधा भिंतीला टेकलेला असतो आणि मागे जागाच नसते. अशा वेळी ते बाजूच्या भिंतींवर, कानापेक्षा हात-दीड हात उंच लावलेले चालतात.

स्पीकरची वायर तांब्याची घ्यावी. दहा-बारा मीटरपर्यंतच्या अंतराला १.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. टोकाचे सुमारे एक सेंटिमीटर आवरण सोलावे, आतले बारीक तंतू बोटांनी एकाच दिशेने घट्ट पिळावेत आणि मगच ते टोक खाचेत सरकवावे. येथे घाई करू नये. एखादा सुटा तंतू शेजारच्या खाचेला टेकला तर रिसीव्हर लगेच बंद पडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे आतून जळतो. रिसीव्हरवरची लाल खाच स्पीकरच्या लाल खाचेलाच आणि काळी काळ्यालाच जोडायची असते. दुपदरी वायरीच्या एका पदरावर रेघ असते. तो पदर सर्व स्पीकरना लालसाठीच वापरायचा असे एकदा ठरवावे. भिंतीतून ओढलेल्या जुन्या वायरीचा रंग ओळखू येत नसेल, तर वायर रिसीव्हरला लावण्याआधी दीड व्होल्टचा पेन्सिल सेल त्या टोकांना क्षणभर टेकवावा. सेलची धन बाजू योग्य तारेला लागलेली असेल तर स्पीकरचा पडदा पुढे सरकतो, उलट लागली असेल तर आत ओढला जातो. मोठ्या स्पीकरवर ही हालचाल बोट हलकेच टेकवून सहज जाणवते. दोन स्पीकरपैकी एकाची जोडणी उलटी राहिली तर आवाज पोकळ वाटतो आणि खर्ज नाहीसा होतो. तो दोष अनेक जण यंत्राच्या माथी मारतात.

सबवूफरला त्याची स्वतःची विजेची वायर असते; रिसीव्हरच्या ‘सब आउट’ खाचेतून त्याच्याकडे एकच आरसीए वायर (टोकाला मधोमध एक पिन असलेली साधी ऑडिओ वायर) न्यायची असते.

आता एचडीएमआय. सेट-टॉप बॉक्सच्या ‘एचडीएमआय आउट’मधून निघालेली केबल रिसीव्हरच्या ‘केबल/सॅट’ असे नाव असलेल्या इनपुटमध्ये लावावी. ब्ल्यू-रे प्लेअर किंवा गेम खेळण्याचे यंत्र असेल तर त्यांच्या केबली त्यांच्या नावांच्या खाचांत लावाव्यात. रिसीव्हरच्या ‘एचडीएमआय आउट’मधून मात्र एकच केबल टीव्हीकडे जाते आणि तीच सर्वांत महत्त्वाची असते. टीव्हीच्या मागे तीन-चार एचडीएमआय खाचा असल्या तरी ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ ही अक्षरे सहसा एकाच खाचेवर असतात. केबल तिथेच लागली पाहिजे, रिसीव्हरच्या बाजूलाही ‘एआरसी’ लिहिलेल्या आउटमधूनच ती निघाली पाहिजे.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. चित्र रिसीव्हरकडून टीव्हीकडे जाते, पण ओटीटीची अॅप टीव्हीच्याच आत चालत असल्याने त्यांचा आवाज टीव्हीत जन्माला येतो आणि त्याला उलट दिशेने रिसीव्हरकडे यावे लागते. हा परतीचा रस्ता म्हणजे एआरसी. २००९ साली एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत तो आला आणि २०१७ साली जाहीर झालेल्या २.१ आवृत्तीत ईएआरसी या नावाने बराच रुंद झाला. एआरसीवरून डॉल्बी डिजिटलचा संकुचित ५.१ आवाज नीट जातो. ब्ल्यू-रेवरचा न दाबलेला बहुचॅनल आवाज टीव्हीकडून परत आणायचा असेल तर ईएआरसी लागते. आपण कागदावर काढलेल्या बाणांपैकी याच एका केबलीला दोन्ही टोकांना बाण काढावा लागेल.

हा रस्ता केबल लावल्याने आपोआप खुला होत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन एचडीएमआय-सीईसी (जोडलेल्या यंत्रांना एकमेकांना सूचना देऊ देणारी सोय) चालू करावे लागते, आणि प्रत्येक कंपनीने त्याला वेगळे नाव दिल्यामुळे ते सापडत नाही: सॅमसंगमध्ये ‘एनीनेट प्लस’, एलजीमध्ये ‘सिंपलिंक’, सोनीमध्ये ‘ब्राव्हिया सिंक’. त्यानंतर टीव्हीच्या ध्वनी विभागात ‘साउंड आउटपुट’ रिसीव्हर किंवा एआरसीवर ठेवावे. रिसीव्हरच्या मेनूतही एआरसी चालू आहे ना, हे पाहावे.

टीव्ही जुना असून त्याला एआरसी नसेल तर टीव्हीच्या ऑप्टिकल (आवाज प्रकाशाच्या रूपात नेणाऱ्या) आउटमधून रिसीव्हरच्या ऑप्टिकल इनपुटमध्ये वायर न्यावी. नव्या ऑप्टिकल वायरीच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लॅस्टिकची छोटी टोपी असते; ती काढायची राहून गेल्यास पिन नीट बसत नाही. दुसरे टोक टीव्हीत बसवल्यावर मोकळ्या टोकाशी लाल उजेड दिसला की टीव्हीकडून संदेश येतो आहे असे समजावे. ऑप्टिकल वायरीतून स्टिरिओ किंवा डॉल्बी डिजिटल ५.१ जाते, त्यापुढचे प्रकार जात नाहीत. रिसीव्हरच जुना, एचडीएमआय नसलेला असेल, तर चित्राची केबल बॉक्समधून थेट टीव्हीला जोडावी आणि बॉक्सच्या ऑप्टिकल खाचेतून आवाज रिसीव्हरला द्यावा.

डोंबिवलीला माझ्या मामांच्या घरी मागचे दोन्ही स्पीकर जवळजवळ वर्षभर गप्प होते. मामांनी वायरी बदलल्या, एक स्पीकर दुरुस्तीलाही देऊन आणला. दोष वायरीत नव्हताच. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत आवाज ‘स्टिरिओ’वर राहिलेला होता. म्हणून वायरी लागल्यावर बॉक्सच्या सेटिंगमध्ये ऑडिओ ‘डॉल्बी डिजिटल’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ यांपैकी जे असेल त्यावर ठेवावे आणि चित्र १०८०आयवर ठेवावे, कारण आपल्याकडच्या बहुतेक एचडी वाहिन्या त्याच स्वरूपात येतात. सगळ्याच वाहिन्यांवर ५.१ आवाज नसतो. बातम्या किंवा मालिका स्टिरिओत असतील तर रिसीव्हरच्या रिमोटवरील ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘प्रो लॉजिक’ निवडल्यास त्यांचा आवाज पाचही स्पीकरवर पसरतो, परंतु तो मुळातला ५.१ आवाज नव्हे.

त्यानंतर रिसीव्हरसोबत आलेला छोटा मायक्रोफोन बैठकीच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवून स्वयंचलित मोजणी करावी. पंखा बंद करावा, कुकरच्या शिट्ट्या थांबू द्याव्यात, घरात शांतता असावी. यंत्र प्रत्येक स्पीकरमधून आवाज काढून त्याचे अंतर व पातळी ठरवते. ध्वनीला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात आणि तो फरक ते भरून काढते. मोजणीनंतर लहान स्पीकर ‘स्मॉल’ व क्रॉसओव्हर (ज्या मर्यादेखालचा खर्ज सबवूफरकडे वळवला जातो ती) ८० हर्ट्झच्या आसपास आहे का, हे डोळ्यांनी एकदा पाहावे.

जोडणी होऊनही अडचण आलीच, तर पडदा काळा असल्यास प्रथम रिसीव्हरवर आणि टीव्हीवर योग्य इनपुट निवडला आहे का ते तपासावे. फक्त ४के चित्रच येत नसेल तर साखळीतील सर्व यंत्रांना एचडीसीपी २.२ (चित्राची नक्कल रोखणारी पद्धत) चालते का आणि केबल सेकंदाला १८ गिगाबिट नेणारी आहे का, हे बघावे. ओठांची हालचाल आणि शब्द यांत अंतर पडत असेल तर ‘लिप सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ थोडा थोडा बदलून बातम्या देणाऱ्या निवेदकाच्या तोंडाकडे पाहत जुळवावा.

स्पीकरमधून सतत ‘हूं’ असा आवाज येत असेल तर केबलवाल्याची जाड वायर बॉक्समधून काढून पाहावी. आवाज थांबला तर दोष त्या वायरीच्या अर्थिंगमधून येतो आहे. केबलवाल्याला सांगून तेथे आयसोलेटर (अर्थिंगचा संबंध तोडणारा छोटा जोड) बसवून घ्यावा. हूं थांबावा म्हणून रिसीव्हरच्या प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो कधीही मानू नये. ती पिन आपल्या जिवासाठी असते.

शेवटी प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीची छोटी चिठ्ठी लावून तिच्यावर ती कुठून कुठे जाते ते लिहावे आणि रिसीव्हरच्या मागच्या बाजूचा एक फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की बोर्डातील प्लगबरोबर डिशची वायरही काढावी लागते, आणि ती परत लावताना हा फोटो उपयोगी पडतो.