पदार्थांचे गुणधर्म शिकवताना या चुका टाळा

अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना रसायनशास्त्राची ओळख प्रयोगांतून व्हावी, हे सगळ्यांनाच पटते. पण प्रयोगाची मांडणी चुकली, तर मुलांना डोळ्यांसमोर पुस्तकाच्या नेमके उलटे घडताना दिसते. मूल अशा वेळी डोळ्यांवर विश्वास ठेवते, आणि ते योग्यच आहे. म्हणून आकडा वेगळा आला की ‘काटा बिघडलाय’ म्हणून पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा त्या आकड्याला शोधता येण्यासारखे कारण असते.

फुग्याने वस्तुमान मोजणे

वस्तुमान टिकून राहते हे दाखवण्यासाठी बाटलीत व्हिनेगर, फुग्यात खाण्याचा सोडा आणि फुगा बाटलीच्या तोंडावर, हा प्रयोग सर्रास केला जातो. सोडा आत पडतो, फुगा टरारून फुगतो आणि काट्यावरचा आकडा घटतो. कुठेही गळती नसली तरी घटतो. २ ग्रॅम सोड्यापासून सुमारे १ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो, आणि तो साधारण ०.६ लिटर जागा व्यापतो. फुगलेला फुगा तेवढीच हवा बाजूला सारतो. त्या हवेचे वस्तुमान सुमारे ०.७ ग्रॅम असते, म्हणून हवेचे प्लावक बल (वस्तूला वर ढकलणारे बल) वाढते आणि काटा तेवढेच कमी दाखवतो. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हा फरक हमखास पकडतो. १ ग्रॅमच्या काट्यावर तो एखादे वेळी दिसतो, एखादे वेळी नाही, आणि गोंधळ आणखी वाढतो.

यावर उपाय म्हणजे ज्याचे आकारमान बदलत नाही असे भांडे. फसफसणाऱ्या शीतपेयाची १ लिटरची जाड प्लॅस्टिक बाटली घ्या आणि तिच्यात ५ टक्क्यांचे ४० मिलिलिटर व्हिनेगर ओता. एका छोट्या परीक्षानळीत २ ग्रॅम सोडा भरून ती नळी सांडणार नाही अशी अलगद आत सोडा. झाकण घट्ट लावून वजन करा. मग बाटली तिरकी करा, फसफस थांबू द्या आणि पुन्हा वजन करा. आकडा तोच राहतो. आतला दाब बाहेरच्या सुमारे दीडपट होतो, तेवढा ही बाटली आरामात सोसते. काचेची बाटली मात्र मुळीच नको, पाण्याची पातळ बाटलीही नको, आणि ‘जास्त मजा येईल’ म्हणून सोडा वाढवू नका. डोळ्यांना चष्मा हवाच.

आता झाकण सावकाश सैल करा. फुस्स आवाज होतो आणि आकडा अर्ध्या ग्रॅमहून जास्त उतरतो. झाकण उघडण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्या: वजन वाढेल, घटेल की तेवढेच राहील? वायूला वजन नसते, असे मनात धरून बसलेली मुले या एका मिनिटात सापडतात. एखादी चौकस मुलगी विचारेल की पूर्ण १ ग्रॅम का घटला नाही. बाहेर फक्त जादा दाबाचा वायू गेला, तोही हवेत मिसळलेला. बराच कार्बन डायऑक्साइड अजून बाटलीतच आहे.

बर्फाचा आलेख सपाट येत नाही

बर्फ वितळताना तापमान ० अंशांवर थांबते, असे आपण सांगतो आणि तापमापी मात्र ४, ५, ७ अशी चढत जाते. बर्फाचे मोठे खडे वर तरंगतात, तापमापीचा फुगा खालच्या पाण्यात असतो आणि ज्योत मोठी असते, म्हणून असे होते. उलट फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फ ० च्या बराच खाली असतो, त्यामुळे सुरुवातीचे आकडेही गोंधळात टाकतात.

१५० ग्रॅम बर्फ बारीक कुटा, बाहेरून ओलसर होईपर्यंत ठेवा आणि त्यात थोडे गार पाणी घाला. आच मंद ठेवा. काचेच्या कांडीने सतत ढवळा, पण तापमापीने ढवळू नका. दर मिनिटाला नोंद करा. वेळेचा अक्ष लांब ठेवायला सांगा, कारण १ ग्रॅम बर्फ वितळवायला लागणारी उष्णता तेवढेच पाणी ० वरून जवळपास ८० अंशांपर्यंत तापवू शकते. सपाट भाग खरोखर लांब असतो, आणि घाईच्या तासात तोच कापला जातो.

पाणी १०० अंशांवर उकळले नाही, तर आधी तापमापीचा फुगा तळाला टेकला आहे का ते बघा. मग गावाची उंची विचारात घ्या: दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो.

घनतेसाठी फार छोटी वस्तू

१०० मिलिलिटरच्या मोजपात्रात १३.५ ग्रॅमचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा टाकला तर पाणी ५ मिलिलिटर चढते. वाचनात १ मिलिलिटर इकडेतिकडे झाले की घनता २.७ ऐवजी २.२५ किंवा ३.४ येते. वर्गात तीन गटांची तीन उत्तरे येतात आणि घनता हा पदार्थाचा ठरलेला गुणधर्म आहे, यावरचा विश्वासच उडतो. एकाच पदार्थाचे चार-पाच तुकडे एकदम टाका, म्हणजे निदान २० मिलिलिटर पाणी चढेल. तुकड्यांना चिकटलेले बुडबुडे टिचकी मारून सोडवा. डोळे पातळीच्या रेषेत आणून पाण्याच्या वक्राचा तळ वाचा.

कणांची चित्रे

सर्वांत खोल रुजणारी चूक फळ्यावर होते. स्थायूत कण चिकटून, द्रवात निम्मे अंतर, वायूत थोडे जास्त, असे तीन चौकोन काढले जातात. प्रत्यक्षात द्रवातले कण स्थायूइतकेच जवळजवळ असतात, फक्त जागा बदलू शकतात. वायूतले अंतर मात्र प्रचंड असते. १ मिलिलिटर पाण्याची १०० अंशांवरची वाफ सुमारे १.७ लिटर जागा घेते, म्हणजे कणांमधले अंतर साधारण १२ पट होते. त्या मापाने चौकोन काढा. वायूच्या चौकोनात दोन-तीनच ठिपके मावतील.

मग विचारा, ठिपक्यांच्या मध्ये काय आहे? बरीच मुले ‘हवा’ म्हणतील. हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण मधे काहीच नाही हे सहज पटत नाही. पुढे कण स्वतः फुगतात, वितळतात, तांब्याचा अणू तांबूस असतो, अशी उत्तरे याच गैरसमजातून येतात.

‘उलटवता येत नाही तो रासायनिक बदल’

हा नियम शिकवू नका. फुटलेली काच पुन्हा अखंड होत नाही, तरी काच काचच राहते. उलट मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) चिमूटभर निळे स्फटिक मंद आचेवर पांढरे होतात आणि गार झाल्यावर थेंबभर पाण्याने पुन्हा निळे होतात, म्हणजे हा रासायनिक बदल असूनही उलटवता येतो. पांढरे झाले की आच लगेच काढा, कारण जास्त तापवल्यास ते काळे पडून घातक वायू सुटतो. बुडबुडे, रंग, उष्णता या खुणा आहेत, पुरावा नाहीत. उकळत्या पाण्यातही बुडबुडे येतात. नवा पदार्थ तयार झाला का, हाच प्रश्न विचारा.

विसरणाच्या जागी अभिसरण

पोटॅशियम परमँगनेटचा खडा गरम पाण्यात टाकला की रंग झपाट्याने पसरतो. त्यातला बराचसा भाग पाण्याच्या प्रवाहांचा (अभिसरणाचा) असतो, कणांच्या हालचालीचा (विसरणाचा) कमी. खरे विसरण दाखवायचे तर खडा घट्ट अगारवर (जेलीसारख्या थरावर) ठेवा आणि रंगाची कड दुसऱ्या दिवशी मोजा. परमँगनेटची बाटली ग्लिसरीनपासून वेगळ्या कपाटात ठेवा. दोन्ही एकत्र आले तर आपोआप पेट घेतात.