दगडफुलाआडचं लोखंड: उपग्रहचित्रांवरून उत्तरेकडचे खडक कसे ओळखावेत

सरावासाठी कॅनडाच्या बॅफिन बेटावरचं मेरी रिव्हर घ्या, साधारण ७१ अंश उत्तर. तिथलं लोहखनिज १९६२ मध्येच सापडलं आणि आज खाण चालू आहे. उत्तर आधीच माहीत असलं की आपला नकाशा कुठे चुकतो ते कळतं.

आधी तारीख ठरवा. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं ‘कोपर्निकस ब्राउझर’ या संकेतस्थळावर मोफत मिळतात, पण बर्फाविना जमीन दिसते ती मुख्यतः जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. जुलैतही भरदुपारी सूर्य ४० अंशांच्या आसपासच चढतो. सप्टेंबरचं चित्र निरभ्र असलं तरी टाळा; लांब सावल्यांत अख्खे उतार बुडतात. वातावरणाचा परिणाम काढलेलं ‘लेव्हल-२ए’ चित्र उतरवून घ्या.

उपग्रह प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे स्वतंत्र टिपतो; त्यांना बँड म्हणतात आणि क्रमांक देतात. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये सगळे बँड एका ठिपक्याला २० मीटर या मापावर आणा. बँड ३ मधून ११ वजा करून दोन्हींच्या बेरजेने भागा, ०.४ च्या वर येईल ते बर्फ किंवा पाणी समजून झाका. ८ आणि ४ घेऊन तसंच केलं की हिरवळ ओळखू येईल, तीही झाका. मग ४ ला (लाल) २ ने (निळा) भागा. तांबूस, गंजलेलं लोह उजळून दिसतं. मॅग्नेटाइट हे काळं, चुंबकीय लोहखनिज यात सापडत नाही, त्यासाठी विमानातून केलेल्या चुंबकीय सर्वेक्षणाचे नकाशे शेजारी ठेवा.

खरी अडचण पुढे आहे. गोड्या मसाल्यात आपण घालतो त्या दगडफुलाच्याच जातकुळीचे जीव तिथले खडक झाकून टाकतात. हिरवळीच्या गाळणीतून ते बरेचदा निसटतात आणि उपग्रहाला खडकाऐवजी त्यांचाच रंग दिसतो. म्हणून सपाट कातळावर विसंबू नका. ओढ्यांचे काठ, ताज्या दरडी, नुकतंच हिम मागे सरलेली जमीन, इथे खडक उघडा असतो. निष्कर्ष तिथूनच काढा.

लाल दिसलं म्हणजे खाली खनिज आहेच, असंही नाही. खाणीची धूळ वाहतुकीच्या रस्त्याकडेला बसते. प्राचीन हिमनद्यांनी दगड मूळ जागेपासून दूर वाहून नेलेले असतात. आर्क्टिकडीईएम हे २ मीटर तपशिलाचं उंचीचं मोफत प्रारूप उघडा. त्यात हिमनदीच्या प्रवाहाच्या खुणा आणि भेगांच्या सरळ रेषा दिसतात. लाल दगडांचा माग प्रवाहाच्या उलट दिशेने काढा.

संशयित जागा ठरल्या की प्रत्यक्ष नमुने हवेतच. १९९३ च्या नुनावुत करारानुसार इथली बरीच जमीन इनुइट या मूळ रहिवाशांच्या मालकीची आहे. त्यांच्या प्रादेशिक संस्थेची परवानगी हातात आल्यावरच हातोडा उचला.