लायब्ररी घेण्याआधी तिचे इश्यू वाचा

एका पतसंस्थेच्या पावत्या पीडीएफमध्ये छापायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या साइटवर, सर्वांत जास्त स्टार असलेली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, उचलली. दोन आठवड्यांत काम उरकलं. पहिली पावती प्रिंटरमधून बाहेर आली आणि तिच्यावर ‘दिनांक’च्या जागी ‘दनिांक’ छापलेलं होतं. ऱ्हस्व वेलांटी ‘द’च्या मागे जाऊन बसली होती, जोडाक्षरांचे पाय मोडले होते. त्या लायब्ररीच्या इश्यूंमध्ये, म्हणजे वापरणाऱ्यांनी तिथे नोंदवलेल्या तक्रारींमध्ये, ‘देवनागरी’ हा शब्द इंग्रजीत टाकून बघितला, तर हीच तक्रार तीन वर्षं उघडी. खाली हिंदी आणि नेपाळी लिहिणाऱ्यांचे ‘आमच्याकडेही हेच’ असे निरोप, आणि प्रकल्प सांभाळणाऱ्यांकडून एक अक्षर नाही. हे शोधायला मला दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं आधी दिली असती तर सगळं काम पुन्हा करावं लागलं नसतं.

तेव्हापासून मी स्टारकडे फार लक्ष देत नाही. स्टार म्हणजे पसंतीचा एक क्लिक. माणूस तो देतो आणि विसरतो, आणि स्टार विकतही मिळतात.

सुरुवात इश्यूंपासून करा. तुमच्या गरजेचा नेमका शब्द तिथे शोधा. मग बंद झालेल्या इश्यूंची यादी काढून जास्त चर्चा झालेले वर आणा आणि निदान दहा तरी सावकाश वाचा. ‘कोणती आवृत्ती? लहानसं उदाहरण देता का?’ असं विचारणारा मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, दिसला की मला धीर येतो. ‘हे आम्ही करणार नाही, कारण असं असं’ हेही चांगलं उत्तर आहे, निदान आपण दुसरीकडे वळू शकतो. पण बंद इश्यूंच्या आकड्यावर भुलू नका. बऱ्याच ठिकाणी काही दिवस कोणी बोललं नाही की बॉट इश्यू आपोआप बंद करतो. दुखणं तसंच राहतं. बाहेरच्यांनी पाठवलेले पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधले सुचवलेले बदल, घेतले जातात का, तेही बघा.

मग मॅस्टोडॉन, रेडिट, हॅकर न्यूज या साइटवरच्या गप्पा वाचा. नवी आवृत्ती आली त्या दिवसाचं कौतुक सोडून द्या, त्यातल्या बहुतेकांनी ती अजून वापरलेली नसते. ती लायब्ररी सोडून गेलेल्यांना शोधा. कोणती आवृत्ती होती, किती फायली होत्या, नेमकं कुठे अडलं, एवढं जो लिहितो त्याचा एक परिच्छेद मला शंभर स्टारांहून मोलाचा वाटतो.

आता सावधगिरीचं. गप्पा रचताही येतात. एक्सझेड ही फाइल दाबून लहान करणारी साधी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असणारी. ती लासे कॉलिन एकटे, फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होते. 2022 मध्ये काही अनोळखी खाती त्यांच्या मागे लागली, की काम फार हळू चाललंय, दुसरा मेंटेनर घ्या. कॉलिन यांनी उत्तरात आपल्या मानसिक आजाराबद्दलही लिहिलं होतं. शेवटी ‘जिया तान’ नावाच्या खात्याला अधिकार मिळाले आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला गेला. 29 मार्च 2024 रोजी अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने तो उघड केला. एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या संगणकात शिरायला, नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्याशा गोष्टीवरून ते तिथवर पोचले. म्हणून मेंटेनरवर ओरडणारं खातं दिसलं की त्याचं प्रोफाइल उघडा: कधीपासून आहे, दुसरीकडे कुठे काही लिहिलंय का. आणि दमलेल्या मेंटेनरला दमलेला माणूस म्हणून वाचा. तो प्रकल्प वाईट ठरत नाही, त्याला मदत हवी असते.

पतसंस्थेचं काम मी अखेर हार्फबझवर चालणाऱ्या लायब्ररीने पुन्हा केलं. अक्षरं जागच्या जागी बसवण्यासाठी फायरफॉक्स, क्रोम आणि लिबरऑफिसही हार्फबझच वापरतात. कितीही चांगलं वाचलेलं असो, आता मी आधी एक चाचणीपान छापते: दिनांक, कीर्ती, स्त्रिया, आचार्यांना, आचाऱ्यांना. शेवटच्या दोन शब्दांतला फरक कागदावर दिसला तर पुढे जाते. नाही दिसला तर त्या पानाचा फोटो, आवृत्तीच्या आकड्यासकट, तिथल्या इश्यूखाली टाकते. पुढच्या वेळी कोणी ‘देवनागरी’ शोधेल तेव्हा तो वर येईल.