वायपरचा फ्यूज सारखा उडत होता, तेव्हा केलेला उपाय

आंबा घाटात ऐन पावसात आमच्या पिकअपचा वायपर बंद पडायचा. दर वेळी १५ अँपिअरचा निळा फ्यूज उडालेला. मोटर काढून पाहिली, ती ठणठणीत होती. दोष लिंकेजमध्ये, म्हणजे मोटरपासून वायपरपर्यंतच्या दांड्यांच्या जोडणीत सापडला: बुशातलं (दांडा ज्यात फिरतो त्या नळीतलं) ग्रीस वाळून दांडा जड झाला होता आणि मोटर जास्त करंट ओढत होती. बुश रॉकेलने धुऊन नवं ग्रीस भरलं, तसा दांडा बोटाने ढकलला तरी फिरू लागला.

मगच फ्यूजच्या जागी तेवढ्याच १५ अँपिअरचा, ब्लेडच्या आकाराचा ऑटो-रिसेट ब्रेकर बसवला. आत दोन धातूंची पट्टी असते. तापली की वाकून संपर्क तोडते, निवली की पुन्हा जोडते. आता काचेवर पाला अडकून वायपर थांबला, तरी पाला काढल्यावर थोड्या वेळात आपणहून चालू होतो. रात्री घाटात टॉर्च धरून फ्यूज बदलण्यापेक्षा हे फार बरं.

मात्र सरसकट सगळे फ्यूज बदलू नका. वायर खरोखर शॉर्ट असेल, तर हा ब्रेकर तुटत-जुळत राहतो आणि वायर पुन्हा पुन्हा तापते. ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर), एअरबॅग, फ्युएल पंप यांना फ्यूजच हवा. आणि ब्रेकर फ्यूजपेक्षा उंच असतो, तेव्हा फ्यूजबॉक्सचं झाकण नीट बसतंय का ते आधी बघा.