चेक विद्यार्थ्यांना इंग्रजीतलं 'गेट' कसं शिकवावं

इंग्रजी-चेक शब्दकोशात 'गेट' (get) हे क्रियापद काढून पाहिलं की सुरुवातीलाच 'दोस्तात' हा शब्द भेटतो. अर्थ साधा, मिळणं. पण त्याखाली जी यादी लागते ती संपता संपत नाही: विकत घेणं, शोधून आणणं, पोहोचणं, होणं, समजणं, आजार जडणं, लग्न करणं, गाडीत चढणं, कुणाकडून काम करवून घेणं. प्राग किंवा ब्रनोचा विद्यार्थी ही यादी पाठ करायला बसतो आणि थोड्याच दिवसांत कंटाळतो. त्यात त्याचा दोष नाही. यादी पाठ करणं हा मार्गच चुकीचा आहे.

ऑनलाइन किंवा तिकडे राहून चेक मुलांना, सहकाऱ्यांना, शेजाऱ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी वाचकांसाठी हा लेख आहे. दोन भाषा समोरासमोर ठेवून बघायला ज्यांना आवडतं, त्यांनाही तो उपयोगी पडेल. सगळी पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे. 'गेट'चा अर्थ 'गेट'मध्ये शोधायचा नाही, त्याच्या पुढे काय आलंय तिथे शोधायचा.

ही दृष्टी मुळात प्रागचीच म्हणता येईल. १९२६ साली प्राग भाषावैज्ञानिक मंडळ स्थापन झालं. त्याचे संस्थापक विलेम मातेसिउस हे चार्ल्स विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. इंग्रजी आणि चेक यांची तुलना करताना त्यांनी दाखवून दिलं की इंग्रजीचा ओढा नामांकडे आहे आणि चेकचा क्रियापदांकडे. 'गेट' हे याचं चोख उदाहरण आहे. इंग्रजीत क्रियापद जवळजवळ रिकामं असतं आणि वजन पुढच्या शब्दावर पडतं. चेकमध्ये तेच वजन एकट्या क्रियापदात मावतं. त्यामुळे इंग्रजीतल्या एका 'गेट'समोर चेकची डझनभर क्रियापदं उभी राहतात.

चेक शब्दांचे उच्चार इथे देवनागरीत जवळपास बसवले आहेत. आघात पहिल्या अक्षरावर द्यायचा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पायरी १ : 'हॅव गॉट' आधी बाजूला काढा

'आय हॅव गॉट अ डॉग' म्हणजे माझ्याकडे कुत्रा आहे. चेकमध्ये हे 'माम प्सा', आणि त्यात मिळण्याचा काहीही संबंध नाही. ही रचना वेगळ्या पानावर लिहून घ्या आणि तिला 'हॅव'च्या घरात टाका. असं केलं नाही तर 'आय गॉट अ डॉग', म्हणजे मला कुत्रा मिळाला किंवा मी तो घेतला, आणि 'आय हॅव गॉट अ डॉग' यांची कायमची सरमिसळ होते. अमेरिकन इंग्रजीतलं 'गॉटन' विद्यार्थ्याने ऐकलेलं असेल, तर मिळण्या-होण्याच्या अर्थी ते चालतं आणि जवळ असण्याच्या अर्थी चालत नाही, एवढं सांगून पुढे जा.

पायरी २ : पुढे नाम आलं तर

इथून सुरुवात करण्याचं कारण म्हणजे विद्यार्थ्याच्या ओळखीची जमीन इथे आहे. पत्र मिळालं, भेट मिळाली, नोकरी मिळाली, सगळीकडे 'दोस्तात' चालतं. शाळेतला गुणही चालतो. चेक शाळेत १ हा सर्वांत चांगला आणि ५ हा सर्वांत वाईट शेरा असतो. 'दोस्ताल प्येत्कू' म्हणजे त्याला पाच मिळाला, अर्थात तो नापास झाला. 'ही गॉट अ फाइव्ह' हे इंग्रजी व्याकरणाला धरून आहे, पण ऐकणारा इंग्रज पाच म्हणजे चांगला की वाईट या संभ्रमात पडेल. तेवढं विद्यार्थ्याला सांगून ठेवा.

फ्लू होण्यालाही चेक माणूस 'दोस्तात' वापरतो, म्हणजे 'गेट द फ्लू' त्याला आपोआप येतं. एखाद्या गोष्टीने आपल्याला पार जिंकलं किंवा हलवून टाकलं, तर 'तो म्न्ये दोस्तालो' म्हणतात. इंग्रजीतलं 'दॅट गॉट मी' अगदी तसंच आहे. अशी नैसर्गिक जुळणी विद्यार्थ्याला आवर्जून दाखवा. 'गेट' परकं नाही हे एकदा त्याला पटलं की पुढचं सगळं हलकं होतं.

सापळा मात्र याच पायरीत आहे. भूक लागणं म्हणजे 'दोस्तात ह्लात', शब्दशः भूक मिळणं. भीती वाटू लागणं म्हणजे 'दोस्तात स्त्राख', भीती मिळणं. विद्यार्थी सरळ 'आय गॉट हंगर' म्हणून मोकळा होतो. इंग्रजीला तिथे नाम नको, विशेषण हवं: 'आय गॉट हंग्री', 'आय गॉट स्केर्ड'. हे दोन शब्द फळ्यावर ठळक लिहा, कारण तेच पुढच्या पायरीचं दार आहेत.

दुकानातून आणणं आणि खटपट करून मिळवणं यांसाठी चेकमध्ये 'कोउपित' आणि 'सेहनात' असे वेगळे शब्द आहेत. 'सेहनात' हा शब्द मला फार आवडतो. सहजी न मिळणारी वस्तू कुठून तरी पैदा करणं, हा त्याचा भाव. इंग्रजीत दोन्हींना 'गेट' पुरतं.

पायरी ३ : पुढे विशेषण आलं तर

सर्वांत जास्त वेळ इथे द्या.

चेकमध्ये 'स्तारी' म्हणजे म्हातारा, 'झेस्तार्नोउत' म्हणजे म्हातारं होणं. 'नेमोत्स्नी' म्हणजे आजारी, 'ओनेमोत्स्न्येत' म्हणजे आजारी पडणं. विशेषणातूनच क्रियापद घडतं, त्याच्या आधी एखादा उपसर्ग लागतो आणि अवस्थेचा बदल एका शब्दात सांगून होतो. इंग्रजीकडे अशी यंत्रणा तुटपुंजी आहे, म्हणून ती 'गेट ओल्ड', 'गेट इल' असं दोन शब्दांत सांगते. विद्यार्थ्याला सांगा की चेकमधला उपसर्ग जे काम करतो, तेच काम इथे 'गेट' करतंय. हे समजल्यावर त्याला अर्थांची यादी लागत नाही.

सरावासाठी 'बी' आणि 'गेट' यांच्या जोड्या लावा. 'शी इज मॅरीड' ही अवस्था, 'शी गॉट मॅरीड' ही घटना. चेक माणसाच्या कानाला हा फरक जन्मापासून ठाऊक असतो, कारण त्याच्या भाषेत क्रिया पूर्ण झाली की चालू आहे हे क्रियापदाच्या रूपातच ठरतं. अवस्थेला 'बी', बदलाला 'गेट', इतकंच त्याला जोडून द्यायचं असतं.

लग्नाचं उदाहरण आणखी एका कारणाने उपयोगी आहे. चेकमध्ये पुरुष लग्न करतो तेव्हा 'ओझेनित से' आणि बाई करते तेव्हा 'व्दात से', अशी दोन क्रियापदं आहेत. इंग्रजीत दोघांनाही 'गेट मॅरीड'. पुरुषाचं क्रियापद 'स', म्हणजे मराठीतलं 'शी' किंवा 'बरोबर', घेऊन येतं, म्हणून विद्यार्थी 'गॉट मॅरीड विथ हर' म्हणतो. आपल्याकडेही 'तिच्याशी लग्न'मधल्या 'शी'मुळे नेमकं हेच घडतं. दोघांनाही 'टू' घोकावा लागतो.

हवामानाची वाक्यं विसरू नका. 'स्त्मीवा से' म्हणजे अंधार पडतोय, 'ओतेप्लुये से' म्हणजे उबदार व्हायला लागलंय. या वाक्यांना कर्ताच नाही. इंग्रजीत 'इट'शिवाय गाडी हलत नाही: 'इट्स गेटिंग डार्क', 'इट्स गेटिंग वॉर्म'. विद्यार्थी 'इट' गाळतो, तिथे प्रत्येक वेळी थांबवा.

दोन मर्यादा सांगायलाच हव्यात. रंग बदलण्यासाठी 'गेट रेड'पेक्षा 'गो रेड' किंवा 'टर्न रेड' स्वाभाविक वाटतं. आणि पुढे नाम असेल तर 'होणे' या अर्थाने 'गेट' चालत नाही. शिक्षक होणं हे 'बिकम अ टीचर'. 'गेट अ टीचर' म्हटलं तर शिक्षक शोधून आणणं असा अर्थ होतो.

पायरी ४ : पुढे ठिकाण आलं तर

'याक से दोस्तानू ना नाद्राझी?' म्हणजे मी स्टेशनवर कसा पोहोचू? 'दोस्तात'ला 'से', म्हणजे 'स्वतःला' हा छोटा शब्द, जोडला की मिळण्याचं पोहोचणं होतं, आणि इंग्रजीत 'हाऊ डू आय गेट टू द स्टेशन?' विद्यापीठात प्रवेश मिळणं हेसुद्धा 'दोस्तात से', आणि इंग्रजीत 'गेट इंटू युनिव्हर्सिटी'. ही पायरी चेक विद्यार्थ्याला जवळजवळ फुकट मिळते. 'से'चं भाषांतर 'मायसेल्फ' असं करू नये आणि 'होम'च्या आधी 'टू' लावू नये, एवढंच बजावा.

पायरी ५ : ट्रॅममध्ये चढा आणि उतरा

प्रागच्या मेट्रोत दारं बंद होण्याआधी एक घोषणा होते: 'उकोन्चेते, प्रोसीम, वीस्तुप आ नास्तुप, द्वेर्झे से झावीरायी.' उतरणं-चढणं कृपया आटोपा, दारं बंद होत आहेत. प्रागच्या माणसाला ती तोंडपाठ असते. त्यातल्या 'वीस्तुप' आणि 'नास्तुप' यांच्यावरून 'गेट ऑफ' आणि 'गेट ऑन' शिकवा. चेकमध्ये उपसर्ग क्रियापदाच्या आधी लागतो, इंग्रजीत तोच अर्थाचा तुकडा क्रियापदानंतर येतो.

चढण्याला चेकमध्ये सगळीकडे 'नास्तोउपित' असलं तरी इंग्रजी वाहन पाहून शब्द बदलते. ट्रॅम, बस, आगगाडी, विमान यांना 'गेट ऑन', मोटार आणि टॅक्सीला 'गेट इन'. ज्यात चढून उभं राहता येतं त्याला 'ऑन', हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो.

'गेट अवे विथ', 'गेट बाय' असे प्रकार एवढ्यात काढू नका. ते वाचनात भेटतील तेव्हा त्या वाक्यासकट शिकवावेत.

पायरी ६ : पुढे तिसरं रूप आलं तर

'ही गॉट फायर्ड' याला चेक माणूस 'विहोदिली हो' म्हणतो, म्हणजे त्याला काढलं. कुणी काढलं ते सांगायची गरज नाही, मराठीतही नाही. पण चेकमध्ये आणखी एक रचना आहे, जी बरेच शिक्षक वापरत नाहीत आणि तिथे सोन्यासारखी संधी हातची जाते. 'दोस्ताल विनादानो' म्हणजे त्याला बोलणी बसली, 'दोस्ताला झाप्लात्सेनो' म्हणजे तिला पैसे मिळाले. 'दोस्तात' आणि पुढे क्रियापदाचं कर्मणी रूप. 'ही गॉट टोल्ड ऑफ', 'शी गॉट पेड' यांची बांधणी हीच आहे. आधी या दोन चेक वाक्यांपासून सुरुवात करा, मग 'फायर्ड' घ्या.

न्हाव्याकडून केस कापून घेण्याचं मात्र जरा जड जातं. चेकमध्ये त्यासाठी 'नेखात से ओस्त्र्शीहात' अशी रचना आहे, ज्यात 'नेखात' म्हणजे करू देणं. मग 'आय लेट मी कट' असं काहीतरी बाहेर येतं. इंग्रजीचा क्रम पक्का आहे: 'गेट', मग वस्तू, मग तिसरं रूप. 'आय गॉट माय हेअर कट', 'आय गॉट माय बाइक फिक्स्ड'. चेकमध्ये शब्द हवे तसे फिरवता येतात, म्हणून हा क्रम तोंडी सरावानेच बसतो. 'गेट हिम टू साइन', म्हणजे त्याला सही करायला लावणं, हे त्याच्या शेजारी ठेवा. चेक इथे 'आबी', म्हणजे साधारण 'असं की', घालून वेगळं उपवाक्य करते, इंग्रजीत 'टू' आणि मूळ क्रियापद पुरतं.

पायरी ७ : विद्यार्थ्याला स्वतः शोधू द्या

चार्ल्स विद्यापीठात १९९४ पासून चेक राष्ट्रीय भाषासंग्रहाची संस्था आहे. तिच्या 'इंटरकॉर्प' या समांतर संग्रहावर, म्हणजे मूळ मजकूर आणि त्यांचे अनुवाद शेजारी ठेवणाऱ्या साठ्यावर, आधारलेलं 'ट्रेक' नावाचं साधन इंटरनेटवर खुलं आहे. त्यात इंग्रजीतून चेक अशी दिशा निवडून 'गेट' लिहिलं की अनुवादकांनी खरोखर कोणकोणते चेक शब्द वापरले, ते किती वेळा आले यासह दिसतं. विद्यार्थ्याला त्यातले वीसेक शब्द वर सांगितलेल्या गटांत वाटायला सांगा. मग ब्रनोच्या मासारिक विद्यापीठातल्या संशोधकांचा हात लागलेल्या 'स्केल' या संकेतस्थळावर 'गेट रेडी', 'गेट लॉस्ट' अशा जोड्या टाकून खरी वाक्यं वाचायला लावा.

त्यानंतर त्याच्याच दिवसावर चेकमध्ये एक परिच्छेद लिहून घ्या: उठलो, आवरलं, ट्रॅम पकडली, उशीर झाला, साहेबांची बोलणी खाल्ली, भूक लागली, अंधार पडता पडता घरी पोहोचलो. तो इंग्रजीत सांगताना जमेल तिथे 'गेट' वापरू द्या. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर कार्यालयीन पत्राच्या भाषेत लिहायला द्या आणि 'गेट'ला बंदी घाला. मिळण्याला 'रिसीव्ह', पोहोचण्याला 'अराइव्ह', होण्याला 'बिकम', मिळवण्याला 'ऑब्टेन'. माध्यमिक शिक्षणाच्या शेवटी 'मातुरिता' परीक्षेला इंग्रजी घेऊन बसणाऱ्यांना ही अदलाबदल उपयोगी पडते, कारण औपचारिक पत्रात सारखं 'गेट' आलं की मजकूर बोलीभाषेतला वाटू लागतो.