पट्टी प्रयोगशाळेतच का अडकते? संशोधन कंपनीकडे देताना या चुका टाळा

विद्यापीठातलं संशोधन कंपनीकडे जाताना अडतं ते बहुतेक वेळा विज्ञानामुळे नाही. कुणी पेटंटच्या अर्जाआधीच पोस्टर लावून मोकळं झालेलं असतं, कुणाची सही राहिलेली असते, नाहीतर पन्नास नगांवर जमलेलं काम पन्नास हजारांवर फसतं.

सोयीसाठी एकच काल्पनिक उदाहरण धरू: दुधात वरून मिसळलेला युरिया ओळखणारी कागदी पट्टी. युरिएज हे एन्झाइम युरियापासून अमोनिया करतं, सामू (pH) वाढतो आणि पट्टीवरचा ब्रोमोथायमॉल ब्लू हा रंगद्रव पिवळ्याचा निळा होतो. हे तत्त्व जुनंच आहे. आपल्या गटाने शोधलाय तो एन्झाइम कागदावर टिकवून धरणारा नवा लेप.

अर्जाआधी पोस्टर

‘आविष्कार’ या विद्यापीठीय संशोधन स्पर्धेत पोस्टर लावलं, बक्षीस मिळालं, मग पेटंटचा विचार सुरू झाला. इथे क्रमच उलटा झाला: अर्जाआधी जगजाहीर झालेला शोध पेटंटसाठी ‘नवा’ धरला जात नाही. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 31 मध्ये 12 महिन्यांची सवलत आहे, पण ती फार अरुंद आहे. प्रदर्शन असेल तर केंद्र सरकारने त्यासाठी राजपत्रात अधिसूचित केलेलं हवं. निबंध असेल तर विद्वत्संस्थेपुढे वाचलेला किंवा तिच्या नियतकालिकात छापलेला. महाविद्यालयाचा प्रकल्पमेळा आणि लिंक्डइनवरची पोस्ट यांना ही सवलत नाही. युरोपात तर एवढीही आशा धरू नका.

सगळ्यात दुर्लक्षित गळती म्हणजे पीएचडीचा प्रबंध. तो शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढला की जगाला खुला झाला, आणि खुली व्हायवा (तोंडी परीक्षा) हीही सार्वजनिकच. म्हणून प्रबंध जमा करण्याआधी गाइडने एकच प्रश्न विचारावा: यातलं कुठलं प्रकरण कंपनीच्या कामाचं आहे? त्या प्रकरणाचा प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख राखून ठेवणारा प्राथमिक पेटंट अर्ज आधी जाऊ द्या. शैक्षणिक संस्थेला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क 1,600 रुपये आहे. एजंटची फी वेगळी, पण ‘पेटंट परवडत नाही’ ही सबब निदान या टप्प्यावर चालत नाही.

परदेशी सहकारी असेल तर आणखी एक खबरदारी. भारतात राहणाऱ्या संशोधकाला भारतात अर्ज केल्यावर सहा आठवडे थांबल्याशिवाय किंवा पेटंट कार्यालयाची परवानगी घेतल्याशिवाय बाहेर अर्ज करता येत नाही (कलम 39).

दोन पानी प्रोव्हिजनल

तारीख पकडायची म्हणून सारांश आणि दोन आकृत्या टाकून अर्ज होतो. पण त्या तारखेचं संरक्षण फक्त त्या कागदात जे लिहिलंय त्यालाच मिळतं. लेपात कोणता पॉलिमर, किती टक्के, किती तापमानाला किती वेळ सुकवायचा, हे लिहिलं नसेल तर 12 महिन्यांनी कम्प्लिट स्पेसिफिकेशनमध्ये (शोधाच्या पूर्ण वर्णनात) घातलेल्या आकड्यांना जुनी तारीख मिळत नाही. मधल्या काळात पोस्टर लागलं असेल तर ते आपल्याच अर्जावर उलटतं. आपल्याला जमलेला आकडा तर लिहाच, शिवाय वरची-खालची मर्यादाही द्या: 2 टक्क्यांना चाललं असेल तर 0.5 आणि 5 ला काय झालं तेही.

इथे एक खटकणारी प्रथा सांगायलाच हवी. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या गुणांसाठी फॉर्म 9 भरून अर्ज लवकर प्रकाशित करून घेतात आणि ‘पेटंट मिळालं’ म्हणून बॅनर लावतात. प्रकाशित म्हणजे मंजूर नव्हे. उलट 18 महिन्यांपर्यंत जे गुप्त राहिलं असतं ते आपण स्वतःच उघडं केलं. अर्ज मागे घेऊन सुधारून पुन्हा भरायची वाटही बंद झाली. कंपनीशी बोलणी चालू असताना हे करणं म्हणजे हातातलं पान उलटून दाखवणं.

पेटंट कार्यालयाने अर्ज तपासावा यासाठी विनंती वेगळी करावी लागते. मार्च 2024 च्या नियमबदलानंतर तिची मुदत 48 ऐवजी 31 महिने झाली आहे. ती चुकली की अर्ज मागे घेतला असं धरलं जातं.

मालक कोण, हे गृहीत धरणं

नोकरीत केलेल्या शोधाची मालकी आपोआप संस्थेला देणारं कलम आपल्या पेटंट कायद्यात नाही. विद्यार्थी तर नोकरही नसतो. म्हणून प्रत्येक शोधकाची लेखी हस्तांतरणावर सही हवी, तीही विद्यार्थी संस्थेत असेपर्यंत. पुढे तो पोस्टडॉकला परदेशी गेला की एका सहीसाठी महिने जातात.

शब्दही जपून वापरा. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या एका संशोधकाने विद्यापीठाला ‘हक्क देण्याचं मान्य करतो’ असं लिहून दिलं होतं. नंतर सेटस कंपनीत काम करताना ‘याद्वारे हक्क देतो’ अशा मजकुरावर सही केली. पुढे रोश कंपनीने सेटसचा त्या कामाशी संबंधित व्यवसाय घेतला आणि मालकीचा वाद स्टॅनफर्ड विरुद्ध रोश असा न्यायालयात गेला. फेडरल सर्किट न्यायालयाने दुसरी सही भारी धरली. सरकारी अनुदानामुळे हक्क आपोआप विद्यापीठाकडे येतात हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये फेटाळला. तेव्हा ‘देईन’ नको, ‘देत आहे’ लिहा.

‘निम्मं तुमचं, निम्मं आमचं’ ही तडजोड ऐकायला गोड वाटते. पण कलम 50 प्रमाणे वेगळा करार नसेल तर प्रत्येक सहमालक स्वतः उत्पादन करून विकू शकतो आणि दुसऱ्याला हिशेब देणं लागत नाही. लायसन्स मात्र दुसऱ्याच्या संमतीशिवाय देता येत नाही. कारखाना कंपनीकडे आहे, विद्यापीठाकडे नाही. म्हणजे कंपनी पट्टी बनवून विकणार आणि विद्यापीठाच्या हाती काही येणार नाही. मालकी एकाकडे ठेवा, दुसऱ्याला लायसन्स द्या. संयुक्त मालकी टाळता येत नसेल तर हिशेबाचं कलम आधी लिहा.

शाल-श्रीफळाचा एमओयू

फोटोपुरता एमओयू (सामंजस्य करार) भांडणात उपयोगी पडत नाही. संशोधन करारात निदान एवढं लिहा: आधीपासून कुणाकडे काय होतं, प्रकल्पात नवं निघेल ते कुणाचं, पेटंटचा खर्च कोण उचलणार, आणि शोधनिबंध छापण्याआधी कंपनीला तपासायला किती दिवस. 30 ते 60 दिवस दोघांनाही झेपतात. ‘कंपनीच्या परवानगीशिवाय छापू नये’ हे वाक्य प्रबंध अडकवतं, ते स्वीकारू नका.

पन्नास पट्ट्या जमल्या, पुढे?

प्रयोगशाळेत युरिया घातलेलं ताजं दूध असतं. गावच्या संकलन केंद्रावर तसं नसतं. गाई-म्हशीच्या दुधात युरिया मुळातच असतो. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा 100 मिलीला 70 मिलिग्रॅम आहे, म्हणून पट्टीने ‘आहे की नाही’ हे नव्हे, ‘70 च्या वर की खाली’ हे सांगायला हवं. आंबटलेल्या दुधातलं लॅक्टिक आम्ल अमोनियाला मारतं आणि युरिया असूनही रंग चढत नाही. आंबटपणा लपवायला सोडा टाकला असेल तर युरिया नसतानाही पट्टी निळी. उपाय स्वस्त आहे: शेजारी एन्झाइम नसलेला दुसरा ठिपका द्या. दोन्ही निळे झाले तर दोष सोड्याचा. दोन्ही पिवळेच राहिले तर दूध आंबट आहे का ते आधी बघा.

उत्पादनात वेगळीच दुखणी निघतात. पिपेटने टाकलेला थेंब आणि रोलवर चढणारा लेप एकसारखे सुकत नाहीत. घाईने गरम हवा वाढवली की एन्झाइम मरतं. एन्झाइमची क्रियाशीलता लॉटगणिक बदलते, म्हणून मिलिग्रॅमवर नव्हे, युनिटवर (क्रियाशीलतेच्या मापावर) मोजून घाला. चार अंशाच्या फ्रिजमध्ये टिकलेली पट्टी मेमधल्या टपरीत टिकेलच असं नाही. 40 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून दर महिन्याला तपासा, ॲल्युमिनियम पाऊच आणि सिलिका जेलसकट. पाऊचचा खर्च पट्टीपेक्षा जास्त निघाला तर दराचं गणितच बदलतं, आणि ते लायसन्सच्या आधी कळलेलं बरं.

रॉयल्टी कशावर?

‘विक्रीवर 4 टक्के’ एवढंच लिहू नका. 1,180 रुपयांच्या बिलात 18 टक्के जीएसटी धरला तर 180 कराचे. रॉयल्टी 1,000 वर की वाहतूक, परतावा वजा करून उरलेल्यावर? पट्टी मोठ्या किटमध्ये विकली तर तिची किंमत कशी धरायची? हे आधी ठरवा.

एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकाच कंपनीला लायसन्स देताना क्षेत्र बांधा: दूध त्यांना, पण पाणी किंवा मूत्रतपासणी आपल्याकडे. शिवाय कंपनीने कधीपर्यंत काय करायचं याचे टप्पे आणि किमान वार्षिक रॉयल्टी हवी. नाहीतर कंपनी कागद कपाटात ठेवते आणि तुम्ही दुसऱ्याकडेही जाऊ शकत नाही. टप्पा चुकला की लायसन्स आपोआप नॉन-एक्सक्लुझिव्ह होईल, असं लिहा.

पेटंटच्या कागदावरून पट्टी बनत नाही. लेप कधी घट्ट झाला हे ज्या विद्यार्थ्याला बघून कळतं, त्याचं ज्ञान एसओपीत (कामाच्या लेखी कार्यपद्धतीत) उतरलेलं नसतं. म्हणून करारात प्रशिक्षणाचे दिवस मोजून लिहा, आणि लायसन्स फीचा शेवटचा हप्ता कंपनीच्या माणसांनी, कंपनीच्या जागेत, सलग तीन लॉट पास केल्यावर ठेवा.